दुसऱ्या ठिपक्यावरचा घोडा

मित्रांनो, मी घोडा आहे आणि चांगला जुना आहे. पण म्हणून लगेच गवत-बिवत घेऊन येऊ नका. मी खात नाही, खिंकाळत नाही आणि माझ्या पाठीवर आजवर कोणी बसलेलंही नाही. मी संगणकात राहतो. यंत्रांची ड्रॉइंग काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसातल्या संगणकात, 'जुनी कामं' नावाच्या फोल्डरमध्ये. बागेत गोल गोल फिरणारं घोड्यांचं चक्र तुम्ही पाहिलं असेल. ते बनवायच्या आधी तसंच्या तसं पडद्यावर काढतात. त्या पडद्यावरच्या चक्रातला मी मूळ घोडा. मूळ म्हणजे काय ते सांगतोच, जरा दम धरा.

माझा जन्म एका सोमवारी सकाळी झाला. मला काढलं ताईने. ती त्या ऑफिसची ड्राफ्ट्समन, म्हणजे ड्रॉइंग काढणारी. मालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. ऑफिस वरच्या मजल्यावर होतं आणि खाली वर्कशॉप. मधे एक लोखंडी जिना, कोणी चढलं की खणखणणारा. ताईच्या टेबलावर पडदा, एक पट्टी, दोन पेन्सिली आणि कायम गार झालेला चहा. तिने आधी माझं पोट काढलं, मग मान, मग पाय. कान काढताना खालून वेल्डर मामा वर आले. मामा म्हणजे वर्कशॉपचे सगळ्यात जुने कारागीर. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं.

"ताई, शेळी छान जमलीय हो. घोडा कधी काढणार?"

सगळं ऑफिस हसलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! जन्माला येऊन तासही झाला नव्हता आणि माझी अब्रू गेली होती. ताईने माझे कान थोडे आखूड केले, पण खरं सांगायचं तर ते अजूनही किंचित शेळीसारखेच आहेत.

मग ती गंमत झाली. ताईने मला लोखंडी तबकडीच्या कडेला उभं केलं. ही तबकडी म्हणजे चक्राची फिरणारी जमीन. माझ्या पाठीतून एक दांडा आरपार नेऊन तिने तो तबकडीच्या भोकात बसवला. मग संगणकाला सांगितलं, मधल्या खांबाभोवती या घोड्याचा गोल पॅटर्न कर, जागा सोळा. बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत माझ्यासारखे आणखी पंधरा घोडे उभे राहिले! तोच रंग, तीच शेपटी, तेच कान. सोळा वेळा काढत बसायची गरजच नाही. म्हणून मी मूळ. माझा कान वाकवला की सगळ्यांचे कान वाकतात. मला वीतभर वर उचललं की अख्खं चक्र वीतभर वर जातं. एकदा ताईच्या हातून माझी शेपटी चुकून पोटाला चिकटली, तर सोळाच्या सोळा घोड्यांच्या पोटाला शेपट्या लोंबायला लागल्या. ताई एवढी हसली की तो गार चहाही सांडला.

मी मात्र छाती फुगवून उभा होतो. यादीत पहिला नंबर माझा. बाकीच्यांना स्वतःहून तसूभर हलायचीही मुभा नव्हती. मी पहिला, मी पहिला, असं मी दिवसभर मनातल्या मनात घोकत असे. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

आता भिंगरीबद्दल सांगतो. भिंगरी ही ताईच्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. तिचे पाय चालत नसत. ती चाकांच्या खुर्चीत बसे आणि एक चाक धरून, दुसरं ढकलून अशा गर्रकन गिरक्या घेई की मामांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तिची आई सहा वाजेपर्यंत कामावर असे, म्हणून शाळेची गाडी भिंगरीला वर्कशॉपच्या दारात सोडून जाई. जिना चढून वर येणं तिला शक्य नव्हतं. त्यामुळे वर काही नवीन झालं की ताई त्याचा कागद छापून खाली घेऊन जाई आणि मामांच्या फळ्यावर टाचणीने लावी. त्या कागदावर मीही असे. खालचं सगळं मी पाहिलं ते असं, फळ्यावरून.

"सांग, कोणत्या घोड्यावर बसशील?" ताईने त्या दिवशी विचारलं.

भिंगरीने कागद नीट पाहिला. "एकाही नाही."

"का गं? आवडले नाहीत?"

"आवडले. पण मावशी, मला उचलून घोड्यावर ठेवतात ना, मग कोणीतरी मागून धरून उभं राहतं. मग सगळे चक्राकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघतात. मला माझ्या खुर्चीतच फिरायचंय. एक घोडा काढून टाक की!"

ताई जिना चढून वर आली आणि तिने थेट माझ्या समोरचा, गोलाच्या पलीकडच्या टोकाचा घोडा काढून टाकला. पॅटर्नमध्ये तशी सोय असते. अमुक नंबर वगळा म्हटलं की तेवढीच जागा रिकामी राहते. ताईने हाताने नऊ आकडा टाकला. त्या रिकाम्या जागी तबकडीत तिने दोन पकडी काढल्या, वरून सपाट बसणाऱ्या. खुर्ची आली की पकडी वर ओढायच्या, चाकांना लावायच्या आणि खट् करून बंद करायच्या. मी नाक फुगवून बसलो होतो. माझ्या फौजेतला एक घोडा कमी, आणि तो कशासाठी, तर रिकाम्या जागेसाठी!

एक गोष्ट मात्र ताईने करायला हवी होती आणि केली नाही. रिकामी जागा आणि पकडी एकमेकींना बांधायला हव्या होत्या, म्हणजे एक हलली की दुसरीही हलली असती. हे तीच सगळ्यांना शिकवत असे. "नंतर नीट बांधते," असं पुटपुटून ती पुढच्या कामाला लागली. मित्रांनो, नंतर म्हणून ठेवलेलं काम कोणाचं वेळेवर झालंय सांगा बरं!

दोन आठवड्यांनी बागेचे साहेब चक्र पाहायला आले. खुर्ची ओढून ताईच्या पडद्यासमोर बसले आणि त्यांनी पहिलंच बोट रिकाम्या जागेवर ठेवलं. "ही जागा फुकट कशाला घालवलीत? बसवून टाका एक घोडा."

ताईने सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, पण फार खूश दिसले नाहीत.

"बरं, राहू दे. पण मग दोन जागा वाढवा. सुट्टीत पोरांची ही रांग लागते. आणि एक सांगून ठेवतो, उद्घाटनाची तारीख ठरलीय. पत्रा एकदा कापला की मला बदल चालणार नाही. तेव्हा काही अडलं तर रिकामी जागा रद्द आणि तिथे घोडा."

ताई हो म्हणाली. तिने सोळाचे अठरा केले. सगळे घोडे थोडे थोडे सरकून दाटीने उभे राहिले. आणि तिथेच माती खाल्ली.

नीट ऐका हं. सोळा जागांच्या गोलात माझ्या बरोबर समोर नववी जागा येते. अठरा जागांच्या गोलात समोर दहावी येते. बोटं घेऊन मोजून बघा, कमी पडली तर पायाचीही घ्या. पकडी जिथल्या तिथे राहिल्या, माझ्या समोर. पण संगणक सांगकाम्या. त्याला नववी जागा वगळायला सांगितली होती, त्याने नववीच वगळली. झालं काय, की पकडी गेल्या दहाव्या घोड्याच्या पोटाखाली आणि रिकामी जागा सरकली शेजारी, जिथे नुसता सपाट पत्रा. घोड्याचा दांडा दोन पकडींच्या मधून अलगद निघून गेला. कुठे काही टेकलं असतं तर संगणकाने लाल रंग दाखवला असता. टेकलंच नाही.

वरवर पाहिलं तर सगळं ठीक. सतरा घोडे, एक रिकामी जागा. ताईने पाहिलं, मालकांनी पाहिलं, साहेबांनी पाहिलं आणि सही केली. मला मात्र समोरच दिसत होतं! खुर्ची रिकाम्या जागेत आली तर तिला पकडणार कोण? पकडीविना खुर्चीला कोणी चक्रावर चढू देणार नाही. आणि पत्रा कापल्यावर चूक कळली तर साहेब आपला शब्द खरा करणार. भिंगरीच्या जागेवर घोडा बसणार, तोही माझाच भाऊबंद. मी ओरडलो असतो हो. पण ताईने माझं तोंड मिटलेलं काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवा कागद मामांच्या फळ्यावर लागला. चार वाजता पत्रा कापायचं मशीन सुरू करायचं ठरलं. मामांची एक जुनी सवय होती. कुठलंही गोल काम आलं की ते आधी वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने ते पूर्ण मापाचं आखत. मधे एक खिळा, त्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला खडू. मालकांना ही सवय अजिबात पसंत नव्हती.

"मामा, आता कशाला हा उद्योग? संगणकावर सगळं तपासलंय."

"असेल तपासलेलं. पण खडू पुसता येतो, मालक. पत्रा पुसता येत नाही."

मालक हात झटकून निघून गेले. मामा गुडघ्यांवर रांगत आखत राहिले. घोड्यांच्या जागी फुल्या, पकडींच्या जागी छोटे चौकोन. कागदावर जे होतं ते जमिनीवर आलं. त्यांच्याही लक्षात काही आलं नाही, कारण ते एकेक माप घेण्यात गुंग होते. फळ्यावर टाचणीने टोचलेला मी नुसता तडफडत होतो.

साडेतीनला शाळेची गाडी आली. भिंगरीने दारातूनच खडूचं चक्र पाहिलं आणि एक आरोळी ठोकली. खुर्ची पळवत ती रेषा ओलांडून आत आली, फुल्यांच्या मधली मोकळी जागा तिने बरोबर हेरली आणि तिथे जाऊन ब्रेक लावला.

"आले माझ्या जागेवर! चला, फिरवा!"

"फिरवा म्हणे! जमीन फिरवू का आता?" मामा हसत उठले आणि कंबर धरून उभे राहिले.

भिंगरीने वाकून चाकांच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "मामा, माझ्या पकडी कुठेयत?"

"आहेत की. त्या काय तिथे..." मामांनी बोट दाखवलं आणि बोट तसंच राहिलं. चौकोन शेजारच्या फुलीच्या दोन बाजूंना होते.

"म्हणजे घोड्याला पकडी आणि मी मोकळी?" भिंगरी म्हणाली. "घोडा पळून जाणारे का?"

मामा हसले, पण लगेच त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कागद पाहिला, जमीन पाहिली, दोरी घेऊन पुन्हा मोजलं. मग आधी जाऊन कापायच्या मशीनचा मेन स्विच खाली ओढला आणि जिन्याशी उभं राहून हाक मारली.

"ताई! खाली या. चहा नंतर प्या, आधी खाली या!"

जिना खणखणला. ताई आली, तिने जमिनीकडे पाहिलं, आणि कोणी काही सांगायच्या आत तिच्या सगळं लक्षात आलं. ती शेवटच्या पायरीवरच बसली.

"माझीच चूक आहे," ती म्हणाली. "नऊचा आकडा मीच हाताने टाकला होता. सगळ्यांना शिकवते आणि स्वतः..."

"अगं मावशी, अजून खडूच आहे," भिंगरी म्हणाली.

तेवढ्यात मालक धावत आले. प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मामांकडे बघायचं टाळत म्हणाले, "मग काय, पकडी एक घर सरकवा आणि करा सुरू. चारला दहा कमी आहेत."

"सरकवते. आजचं भागेल," ताई उठत म्हणाली. "पण उद्या कोणी अठराचे वीस केले की पुन्हा हेच होणार. मला एक तास द्या."

"एक तास?"

"स्विच मी काढलाय, मालक," मामा म्हणाले. "मी सांगेपर्यंत तो लागणार नाही."

ताई वर आली. मित्रांनो, त्या तासात माझ्यावर काय गुजरली ते मलाच ठाऊक. तिने पहिलं काय केलं असेल, तर पॅटर्नच पुसला. माझे सगळे घोडे क्षणात गायब! एवढ्या मोठ्या तबकडीवर मी एकटा. मग तिने मला उचलून बाजूला ठेवलं. ज्या जागेवर मी पहिल्या दिवसापासून मिरवत होतो, ती गेली. मला वाटलं, संपलं आपलं. आता मलाही पुसणार.

पण ताईने तबकडीवर ठिपके काढायला घेतले, समान अंतरावर, गोल. पहिला ठिपका तिने पकडींच्या बरोबर मध्यावर ठेवला आणि पकडी त्याला पक्क्या बांधल्या. त्या ठिपक्याला नाव दिलं, 'भिंगरीची जागा. इथे घोडा नाही.' मोजणी आता तिथून सुरू होणार होती. मग तिने मला आणून दुसऱ्या ठिपक्यावर बसवलं आणि बाकीच्या घोड्यांना सांगितलं, आता आकडा ऐकायचा नाही, ठिपके बघून उभं राहायचं. सतरा घोडे पुन्हा हजर झाले.

मग तिने तपासलं. अठराचे बारा केले. पहिला ठिपका जागचा हलला नाही. वीस केले, तीस केले. घोडे पुढे सरकले, मागे सरकले, पण भिंगरीची जागा आणि पकडी जिथल्या तिथे, आणि दर वेळी तिच्या शेजारी मी. ताईने डोळे मिटून लांब श्वास सोडला. माझा पहिला नंबर गेला होता, आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं! अगदी जीव भांड्यात पडला. आदल्या दिवसापासून जे ओरडून सांगता येत नव्हतं, ते आता सांगायची गरजच उरली नव्हती.

मामांनी जमीन ओल्या फडक्याने पुसली आणि पुन्हा आखली. भिंगरी पुन्हा जागेवर गेली. डावीकडे चौकोन, उजवीकडे चौकोन. तिने तोंडानेच खट्, खट् असा आवाज केला. पाच वाजून गेल्यावर मामांनी स्विच लावला. मशीनचा तो कर्कश आवाज मला कधी आवडला नव्हता, त्या दिवशी मात्र गोड लागला. मालकांनी स्वतः सगळ्यांसाठी चहा मागवला आणि मामांना पहिला कप दिला. त्या दिवसापासून मामांच्या खडूला कोणी हसलं नाही.

उद्घाटनाला मीही गेलो होतो बरं का. मामांनी फळ्यावरचा कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि माझं तोंड नेमकं वर आलं होतं. भिंगरी स्वतःची चाकं फिरवत उतारावरून चक्रावर चढली. कोणी उचललं नाही, कोणी मागून धरलं नाही. खट्, खट्. तिच्या शेजारच्या घोड्यावर एक लहानगा बसला होता, भीतीने भोकाड पसरून. "घट्ट धर आणि माझ्याकडे बघ," असं भिंगरीने त्याला दटावलं, तसा तो गप्प झाला. चक्र फिरायला लागलं. सगळे चक्राकडे बघत होते, कोणी वेगळं तिच्याकडे बघत नव्हतं. तिला हवं होतं ते हेच. मामा चष्मा पुसत होते आणि ताई हसता हसता रडत होती. साहेब म्हणाले, "छान दिसतंय हो." त्यांना काहीच माहीत नव्हतं.

त्यानंतर माझे दिवस पालटले. काम झालेल्या फाईलीला कोण विचारतो? मी 'जुनी कामं'मध्ये जाऊन पडलो. संगणक दोनदा बदलले. माझी फाईल वेगळी आणि चक्राची वेगळी, त्यामुळे एकदा कोणीतरी फोल्डरचं नाव बदललं, तर चक्राला मी सापडेना. नुसते ठिपके उरले, घोडा एकही नाही. मला हुडकायला ताईची अख्खी दुपार गेली. पुढे सात वर्षं कोणी मला उघडलंसुद्धा नाही. मामा निवृत्त झाले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि मग मागच्या महिन्यात फाईल उघडली! दुसऱ्या एका बागेला चक्र हवं होतं, चोवीस जागांचं. समोर नव्या ड्राफ्ट्समनबाई होत्या. त्यांनी चोवीस आकडा टाकला. घोडे झरझर उभे राहिले. मग त्यांचं लक्ष पहिल्या ठिपक्याकडे गेलं. "अगंबाई, इथला एक राहिला वाटतं," असं म्हणत त्या तिथे घोडा ठेवायला निघाल्या. मला पुन्हा ओरडावंसं वाटलं, पण तोंड अजून मिटलेलंच. पण ठिपक्यावर बाण नेताच नाव दिसलं आणि त्यांचा हात थांबला.

"ताई, ही भिंगरी कोण?"

पलीकडच्या टेबलावरून ताई आली. तिचे केस आता पिकलेत, चहा मात्र अजून गारच असतो. "माझी भाची. कॉलेजात आहे आता," ती म्हणाली. "जागा तशीच ठेव." मग तिने त्यांना सगळी गोष्ट सांगितली, शेळीसकट.

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. एकाचे शंभर करायला एक बटण पुरतं. ते दाबायच्या आधी त्या एकाकडे नीट बघा, आणि जमलं तर एकदा खडूने जमिनीवर आखा. कुठे रिकामी जागा दिसली तर भरून टाकायची घाई करू नका. ती कोणाची आहे ते विचारा. आणि काम झाल्यावर आम्हा जुन्या फाईलींची नावं बदलू नका हो, सापडत नाही मग आम्ही.

बागेत गेलात तर मोकळ्या जागेशेजारचा घोडा शोधा. कान शेळीसारखे असतील. तिथे कोणी आपली खुर्ची घेऊन आलं असेल तर थोडं थांबावं लागेल. पकडींचा खट् आवाज आल्याशिवाय चक्रातला एकही घोडा हलत नाही. मीसुद्धा नाही.